भिडू पाडण्याचं गणित

आमच्या लहानपणी भिडू पाडायला पाच मिनिटं पुरत. सारख्या ताकदीची दोन मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाजूला जायची, कानात कुजबुजून आपापली गुप्त नावं ठरवायची आणि परत येऊन दोन्ही कॅप्टनसमोर उभी राहायची. ‘चंद्र हवा की सूर्य?’ चंद्र कोण आणि सूर्य कोण, हे कॅप्टनला ठाऊक नसायचं. तो एक नाव घ्यायचा आणि पदरी पडेल तो भिडू आपला म्हणायचा. सगळ्या जोड्या संपल्या की डाव सुरू. उरलेलं एखादं लहानगं कच्चं लिंबू म्हणून कुठल्याही बाजूला खपून जायचं.

ते सगळं मला गेल्या वर्षी कॅलिफोर्नियात, एका शाळेच्या रिकाम्या वर्गात आठवलं. समोर टेबलावर सहा-सात वर्षांच्या 24 मुलांची यादी होती. तिचे चार संघ पाडायचे होते. आम्ही चार पालक, म्हणजे चार प्रशिक्षक, आणि यादी सांभाळणारी एक बाई बसलो होतो. दोन तास लागले. मुलांच्या हौशी सॉकर क्लबात नाव घालणं म्हणजे अर्ज, फी आणि शर्टाचं माप एवढंच, असं मी तोवर समजत होते. त्या दोन तासांत एक वेगळंच जग दिसलं. रविवारी मराठी शाळा आणि शनिवारी सॉकर असा इथल्या कितीतरी मराठी घरांचा रिवाज आहे, पण शनिवारच्या त्या खेळामागे काय रचलेलं असतं, हे आमच्यातल्या फार थोड्यांनी पाहिलंय.

या रचनेचं एक मोठं मूळ कॅलिफोर्नियातच आहे. 1964 साली टॉरन्स या गावात अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन सुरू झाली तेव्हा तिच्याकडे अवघे नऊ संघ होते. अमेरिकेत तेव्हा सॉकर हा परक्यांचा खेळ होता. 1971पासून मुलींचेही संघ आले. आज ही संस्था देशभर पसरली आहे आणि तिचा डोलारा पालक-स्वयंसेवकांवर उभा आहे. तिच्या तत्त्वांपैकी तीन मला फार मोठी वाटतात. नोंदणी सर्वांना खुली. प्रत्येक मूल प्रत्येक सामन्यात निदान अर्धा वेळ खेळणार. आणि संघ दरवर्षी नव्याने, शक्य तितके समतोल पाडायचे. वाचायला ही वाक्यं साधी आहेत, पण प्रत्येकातून एकेक गणित उभं राहतं.

पहिलं गणित जन्मतारखेचं. अर्जातला हा सगळ्यात निरुपद्रवी वाटणारा रकाना, पण मुलाचा सगळा हंगाम तो ठरवतो. गट वर्षाचा असतो आणि वर्ष कुठेतरी कापावंच लागतं. जे मूल कापलेल्या रेषेनंतर लगेच जन्मतं ते गटात थोरलं, रेषेच्या जरा आधी जन्मतं ते धाकटं. सहाव्या वर्षी बारा महिन्यांचं अंतर म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा! 1985 साली रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. तिथे गटाची रेषा 1 जानेवारीला होती आणि वरच्या पातळीवरचे खेळाडू वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले जास्त निघाले. लहानपणी चार महिन्यांनी थोरलं असलेलं मूल जरा उंच, जरा वेगवान दिसतं. ते निवडलं जातं, त्याला जास्त खेळायला मिळतं आणि ते खरोखरच चांगलं होतं. रेषा कागदावरची, पण ती माणसांच्या आयुष्यात उतरते.

म्हणूनच ही रेषा कुठे आखायची यावर अमेरिकेत इतका खल होतो. 2016-17च्या सुमारास ती 1 जानेवारीवर आणली गेली, कारण जगभर तशीच पद्धत होती. पण शाळेचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं. त्यामुळे एकाच बाकावर बसणारी मुलं मैदानावर वेगळ्या गटांत गेली. आता 2026-27च्या हंगामापासून 1 ऑगस्ट ते 31 जुलै असा गट धरायचं ठरलं आहे. वर्गातला मित्र संघातही असावा, एवढ्या साध्या इच्छेसाठी सगळ्या देशाचे तक्ते बदलत आहेत, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

दुसरं गणित अर्ध्या वेळाचं. आठ वर्षांखालच्या मुलांचा सामना अकरा विरुद्ध अकरा असा नसतो. तो चार विरुद्ध चार असतो आणि त्यात गोलकीपरही नसतो. मैदान जेमतेम 25 ते 35 यार्ड लांब, चेंडू तीन नंबरचा. पुढे सात-सात, मग नऊ-नऊ आणि तेरा वर्षांखालच्या गटापासून अकरा-अकरा. का, ते भागाकार करून पाहा. एका मिनिटाचा चेंडू 22 जणांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला तीन सेकंदही येत नाहीत. आठ जणांत वाटला तर साडेसात येतात. सहा वर्षांच्या मुलाला खेळ शिकवायचा तर त्याच्या पायाशी चेंडू यायला हवा, आणि तो यावा म्हणून मैदानच लहान केलंय.

आता अर्धा वेळ खेळण्याचा नियम त्यावर ठेवा. मैदानावर चार जागा असतील तर संघात आठांहून जास्त मुलं घेताच येत नाहीत, कारण नववं आलं की कुणाचा तरी अर्धा वेळ मोडतो. संघात सहा मुलं ठेवली तर प्रत्येकाला दोन-तृतीयांश खेळ मिळतो. ‘प्रत्येक मूल खेळणार’ ही नुसती प्रेमळ घोषणा नाही, तिच्यातून संघाचा आकार ठरतो. या यादीत कच्चं लिंबू नसतं. चोविसाव्या मुलाचा अर्धा वेळ पहिल्याइतकाच पक्का असतो.

पण संघाचा आकार लहान झाला की संघांची संख्या वाढते, आणि प्रत्येक संघाला प्रशिक्षक लागतो. इथे सगळ्यात टंचाई मैदानांची किंवा मुलांची नसते, ती ‘मी येते’ म्हणणाऱ्या आई-बापांची असते. आमच्याकडे 24 मुलं होती आणि प्रशिक्षक तीन. संघ सहा-सहांचेच ठेवायचे होते, म्हणून चौथा मिळाला नसता तर सहा मुलं प्रतीक्षायादीत राहिली असती. मी आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नव्हता, तरी हात वर केला. मग माझी पार्श्वभूमी तपासली गेली. मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण झालं. डोक्याला मार लागला तर मुलाला ताबडतोब बाहेर काढायचं आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परत उतरवायचं नाही, हे शिकवलं गेलं. या मेंदूच्या इजेचा पहिला कायदा 2009 साली वॉशिंग्टन राज्यात झाला आणि पाच वर्षांत सगळ्या राज्यांत तसे कायदे आले. पालक अर्जात ज्या माहितीपत्रकावर घाईने सही करतात, त्याच्यामागे ही सगळी हकिकत असते.

आणि मग ती संध्याकाळ. 24 मुलं, चार संघ, प्रत्येकी सहा.

असे संघ किती तऱ्हांनी पडू शकतात? घरी येऊन मी हिशेब मांडला. उत्तर आलं 9,619 कोटी 76 लाख 45 हजार 544. सेकंदाला एक याप्रमाणे रात्रंदिवस तपासत बसलं तर तीन हजार वर्षांहून अधिक लागतील. आणि आम्ही पाच जण बिस्किटं खात दोन तासांत त्यातली एक निवडून मोकळे झालो होतो!

त्यातली समतोल वाटणी कशी शोधायची, हा प्रश्न गणितज्ञांनाही भुलवत आला आहे. काही आकडे दिलेत, त्यांचे असे गट पाडा की बेरजा सारख्या होतील. याला संख्या-विभाजनाचा प्रश्न म्हणतात. 1972 साली रिचर्ड कार्प यांनी संगणकासाठी मुळातच अवघड असलेल्या 21 प्रश्नांची जी प्रसिद्ध यादी दिली, तिच्यात हा आहे. नेमकं उत्तर दर वेळी झटपट काढून देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. 2002 साली ब्रायन हेज यांनी त्यावर लेख लिहिला, त्याची सुरुवातच त्यांनी मुलांच्या भिडू पाडण्याने केली आणि त्याला ‘सगळ्यात सोपा अवघड प्रश्न’ असं नाव दिलं. सोपा अशासाठी की आकडे ढोबळ असले आणि पुष्कळ असले, तर सारखी वाटणी एक नाही, असंख्य निघतात. आकड्यांची बारकाई वाढत गेली की खरी पंचाईत होते. आमच्या यादीत मागच्या हंगामाच्या प्रशिक्षकांनी मुलांना एक ते पाच असे गुण दिले होते. मला आधी ते फार ढोबळ वाटले. नंतर कळलं की त्या ढोबळपणातच आमची सुटका आहे. सहा वर्षांच्या मुलाला दशांश चिन्हांपर्यंत मोजायला गेलो असतो तर गणित अडलं असतं, आणि मोजमापही खोटंच ठरलं असतं.

या अवघड प्रश्नावरची युक्ती मात्र पोरांनाही समजेल अशी आहे. मुलं गुणांच्या क्रमाने लावायची. पहिल्या फेरीत संघांनी एक, दोन, तीन, चार या क्रमाने एकेक मूल घ्यायचं. दुसऱ्या फेरीत उलटं, चार, तीन, दोन, एक. मग पुन्हा सुलट. इंग्रजीत या रीतीला सापाचं नाव आहे, आणि आपल्याकडे तर शब्द तयारच आहे, नागमोडी. दर फेरीला पहिल्या संघानेच आधी निवडलं असतं तर त्याच्याकडे क्रमांक 1, 5, 9, 13, 17, 21 आले असते, बेरीज 66. चौथ्या संघाची 84. नागमोडी गेलं की पहिल्याकडे 1, 8, 9, 16, 17, 24 येतात, बेरीज 75. दुसऱ्याची 75. तिसऱ्याची 75. चौथ्याचीही 75! मी कागदावर चार वेळा बेरीज करून पाहिली. नुसतं वळण घेतल्याने इतका न्याय होऊ शकतो, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

अर्थात मुलं म्हणजे क्रमांक नव्हेत. एका घरात गाडी एकच, म्हणून दोन भावंडं एकाच संघात हवीत. कुणाला शेजाऱ्यांबरोबर सरावाला यायचंय. कुणी नवीन आहे, त्याचा गुणच नाही. प्रत्येक अडचण सोडवताना एक बेरीज ढळते आणि मग तोल सावरायला दुसरीकडे अदलाबदल करावी लागते. सगळ्यात नाजूक गोष्ट प्रशिक्षकांची. सगळे आपापल्या संघासाठी निवडायला बसले की प्रत्येकाची नजर थोडी तिरकी होतेच. म्हणून यादीवाल्या बाईंनी नियम सांगितला. आधी सगळ्यांनी मिळून चार संघ पाडायचे, कुठला कुणाचा ते न ठरवता. मग चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठीत निघेल तो संघ आपला. आपलं मूल दुसऱ्या संघात गेलं असेल तर ते आपल्याकडे आणायचं आणि त्याच्या बदल्यात तितक्याच गुणाचं मूल तिकडे द्यायचं.

मी चिठ्ठी उचलली. माझा मुलगा दुसऱ्या संघात निघाला. त्याच्या गुणाचं एक मूल माझ्या संघातून तिकडे गेलं. आणि एकदम अंगावर काटा आला. दोन सारख्या ताकदीची मुलं, समोर कॅप्टन, कोण कुणाच्या वाट्याला येणार हे न कळता केलेली निवड. हे चंद्र आणि सूर्यच होते! आम्ही पोरं वाड्याच्या अंगणात जे करत होतो, ते हेच. निवडणाऱ्याला थोडं आंधळं केलं की निवड डोळस होते, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्याही आधीच्या पोरांकडून ते आमच्यापर्यंत आलं होतं.

हंगाम दहाएक शनिवारांचा. या वयात गुणतक्ता ठेवत नाहीत, पण मुलं गोल मोजतातच. आमच्या बहुतेक सामन्यांत शेवटच्या मिनिटापर्यंत कुणालाच निकाल सांगता येत नव्हता. एखादा संघ सगळेच सामने जिंकत गेला असता, तर त्याच्या पालकांनी खुशाल टाळ्या वाजवल्या असत्या, पण टेबलाभोवतीच्या आम्हा पाच जणांना कळलं असतं की त्या संध्याकाळी आपलं काहीतरी चुकलं.

शेवटच्या शनिवारी मुलांनी संत्र्याच्या फोडी खाल्ल्या, एकमेकांच्या हातावर टाळ्या दिल्या आणि ती पांगली. तो संघ संपला. पुढच्या वर्षी ती सहा मुलं सहा दिशांना जातील. मी गाडीत बसले आणि यादी उघडली. एका मुलीपुढे मी थांबले. पहिल्या शनिवारी ती रेषेबाहेर उभी राहून आईचा हात सोडत नव्हती. आमच्या अंगणात ती कच्चं लिंबू झाली असती. इथे तिला दर सामन्यात अर्धा वेळ उतरावंच लागलं, आणि नवव्या शनिवारी ती चेंडूमागे सगळ्यांच्या पुढे होती. तिच्यापुढचा जुना एक मी खोडला आणि तीन लिहिला. नीट विचार करून लिहिला, कारण पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी अनोळखी माणसं टेबलाभोवती बसतील आणि त्या तीनवर विसंबून 24 मुलांसाठी खरा सामना रचतील.