सुरीला उमजणारी रेषा

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथे विराजमान असलेली, दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांना पूज्य असलेली आणि भूमीला न टेकता अधांतरी राहिल्याची जिची पूर्वापार ख्याती आहे, ती अंतरिक्ष पार्श्वनाथाची कृष्णवर्ण मूर्ती मोटारीच्या काचेवर एकरंगी रेडियममध्ये कापून लावावी, अशी इच्छा एखाद्या भाविकाला होणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु छायाचित्र संगणकात घातले आणि प्लॉटरला हुकूम सोडला, एवढ्याने ती पुरी होत नाही.

छायाचित्र म्हणजे चौकोनी ठिपक्यांचे एक विस्तीर्ण कोष्टक. कृष्णधवल चित्रात प्रत्येक ठिपक्याच्या नावे ० पासून २५५ पर्यंतचा एक अंक मांडलेला असतो. रेषा अशी त्यात कोठेच नसते. प्लॉटरच्या सुरीला मात्र चालावयास निश्चित वाट हवी. म्हणून प्रथम एक सीमा ठरवून तिच्या अलीकडचे सर्व काळे व पलीकडचे सर्व पांढरे, अशी वाटणी करावी लागते. ही सीमा अंकांच्या विभागणीवरून आपोआप शोधण्याची रीत जपानच्या नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ साली सांगितली, आणि ती अनेक चित्रांना उत्तम लागू पडते. पण काळी मूर्ती अंधाऱ्या गाभाऱ्यात असली म्हणजे तिचा इलाज चालत नाही. खांद्यावर पडलेली दिव्याची तिरीप पांढऱ्यात जमा होते, फण्यांचे छत्र मागील अंधारात विरते, आणि आसनाखालची छाया मूर्तीइतकीच काळी असल्यामुळे मूर्ती खालच्या जमिनीला चिकटते. ज्या अंतरावरून देवाला नाव मिळाले, नेमके तेच अंतर गणित पुसून टाकते! सीमा वरखाली सरकवून ते परत मिळत नाही, कारण छाया आणि मूर्ती यांचे अंकच सारखे असतात. तेथे जाणत्या हाताने छायाचित्रावर नवी आकृती रेखाटणे, हाच मार्ग उरतो. आणि मूळ मूर्तीत नसलेली एकही रेघ आपल्या पदरची घालू नये, हा त्या हाताचा पहिला धर्म होय.

काळे-पांढरे सिद्ध झाले की त्याच्या हद्दीवरून मार्ग काढणे यंत्राला साधते. सित्रोएन कारखान्यातील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली आणि पुढे रेनोमधील पिएर बेझिए यांनी मोटारींच्या आकारांसाठी जे वक्र सिद्ध केले, तेच येथे उपयोगी पडतात: दोन टोके आणि वळणाची दिशा सांगणारे दोन बिंदू, एवढ्या चार बिंदूंत एक संपूर्ण वक्र सामावतो. इंकस्केपमध्ये वापरली जाणारी पीटर सेलिंगर यांची पोट्रेस ही प्रणाली प्रथम हद्दीचा बहुभुज करते, मग कोठे कोपरा राखावा आणि कोठे वळण द्यावे हे ठरविते. बिंदू जितके थोडे, तितकी रेषा स्वच्छ. चार-सहा बिंदूंत मावणारा खांदा साठ बिंदूंनी सांगितला तर पात्याच्या वाटेत उगाच खाचखळगे निर्माण होतात, कड दातेरी होते, आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ असलेला पापुद्रा कोपऱ्यावर उचलला जातो.

खाली देवाचे नाव घालावयाचे असेल, तर देवनागरीची एक अडचण उभी राहते. पडद्यावर शिरोरेखा अखंड दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा स्वतंत्र असून ती शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. ती सारी अक्षरे वेल्ड करून एकजीव केली नाहीत, तर सुरी प्रत्येक सांध्यावर शिरोरेखा आडवी कापते.

आकृती कापून झाल्यावर नको असलेला भाग चिमट्याने उपसतात आणि उरलेल्यावर चिकट ट्रान्सफर टेप बसवून सारे तुकडे एकदम काचेवर नेतात. पत्र्याच्या छाप्यात सुटा भाग धरून ठेवण्यासाठी मध्ये पूल सोडावे लागतात. येथे ती गरज नाही, कारण तुकड्यांमधील अंतर टेपच सांभाळते. आसनाखालची फट त्यामुळे खरोखरच मोकळी ठेवता येते; मात्र अंतिम मापात ती केसासारखी बारीक होणार असेल, तर आकृतीतच थोडी रुंद करावी.

मोबाइलवरून दहा ठिकाणी फिरलेले चित्र या कामी आणू नये. जेपेग पद्धती चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून ते आवळते, आणि वारंवार आवळलेल्या चित्राच्या कडांभोवती जी धूळ साचते, तीही यंत्र इमानाने रेखाटते. वाचकहो, दुकानात जाताना मूळ, मोठे छायाचित्र न्यावे, आणि कापणीपूर्वी आकृती कागदावर प्रत्यक्ष मापात छापून दाखविण्याचा आग्रह धरावा.