आमच्या मुलांनी लांबच्या विद्यापीठाचा अर्ज का भरू नये?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नालासोपाऱ्याच्या आमच्या वस्तीतला बारावीतला एक मुलगा संध्याकाळी घरी आला. म्हणाला, "काका, बंगळूरला एक विद्यापीठ आहे. गरिबाच्या मुलाला फी माफ होते म्हणे. अर्ज भरू का?" दिवसभर फायलींत मान घालून आणि विरार लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून आम्ही नुकतेच टेकलो होतो. आम्ही म्हणालो, "अरे, इतक्या लांब कशाला? इथेच बी.कॉम. कर. आम्ही नाही का केले? कुठेतरी चिकटशील."

मुलगा ऐकणारा होता, त्याने ऐकले. इतिहास हा त्याच्या आवडीचा विषय. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप कसा उकरून काढला, हे तो विहारातल्या पोरांना रंगवून सांगायचा. आज तो एका दुकानात बिले फाडतो. कामात कमीपणा नाही. पण त्याला ज्या दारापर्यंत जायचे होते, तिथून आम्ही त्याला परत फिरवले. ती चूक कबूल करावी आणि इतरांच्या हातून ती घडू नये, म्हणून हा लेख.

तो मुलगा ज्याविषयी विचारत होता ते अझीम प्रेमजी विद्यापीठ. कर्नाटक राज्याच्या कायद्याने ते २०१० साली स्थापन झाले आणि २०१५ पासून तिथे बारावीनंतरचे पदवीचे शिक्षण सुरू झाले. आता भोपाळलाही त्याचे आवार आहे. आपले मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे, त्याला शेकडो महाविद्यालये जोडलेली. हे विद्यापीठ त्यामानाने अगदी लहान. विद्यार्थी आवारातच राहून शिकतात. अर्थशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित असे विषय तिथे आहेत. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी बी.एस्सी. बी.एड.चा एकत्र अभ्यासक्रमही आहे. पुस्तकाबरोबर गावात आणि वस्तीत जाऊन शिकण्यावर भर असतो.

प्रवेश मात्र निव्वळ बारावीच्या टक्क्यांवर मिळत नाही. आधी लेखी प्रवेशपरीक्षा, मग मुलाखत. वाचलेला उतारा समजतो का, आकडेमोडीने विचार करता येतो का आणि स्वतःचे म्हणणे मांडता येते का, हे तिथे पाहिले जाते. ही पद्धत आपल्याला परकी नाही. सातव्या शतकात ह्युएन त्संग नालंदेला आला, तेव्हा त्याने लिहून ठेवले आहे की, विहाराच्या दारावरच पंडित प्रश्न विचारीत आणि येणाऱ्या दहांपैकी सात-आठ जणांना परत फिरावे लागे. दारावरचा प्रश्न कठीण असेल, पण तो ऐकण्याआधीच घरी बसणे, हे कोणत्या शहाणपणात बसते?

आपल्या घरांत पहिली धास्ती फीची असते. माहितीपत्रकात लाखांच्या घरातला आकडा दिसला की बाप कागद मिटून ठेवतो. पण या विद्यापीठात कुटुंबाचे उत्पन्न पाहून फीमध्ये आणि राहण्याच्या खर्चात सवलत देतात. अगदी कमी उत्पन्न असेल तर ती पूर्णही मिळू शकते. म्हणून आधी आकड्याखालची सवलतीची माहिती वाचावी, मग कागद मिटावा. शिवाय भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहेच. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला ती मिळते, आणि परराज्यातल्या मान्यताप्राप्त संस्थेत शिकणाऱ्याला ती त्याच्या मूळ राज्याने द्यायची असते. याची चौकशी समाजकल्याण खात्याच्या जिल्हा कार्यालयात करावी.

दुसरी अडचण कागदांची. आम्ही कारकून आहोत, म्हणून हे जरा अधिकाराने सांगतो. आपल्यापैकी बरेच जण वॉचमन, बिगारी, घरकाम करणारे. पगाराची पावती नसते. अशा वेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाच आधार. तो मागच्या वर्षाचा पडून असतो, नवा काढायचा राहतो आणि शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. जातीच्या दाखल्याला तर याहून वेळ लागतो. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, आणि आजोबा शाळेतच गेले नसतील तर गावच्या कोतवाल बुकाची नक्कल. त्यासाठी कोकणात किंवा मराठवाड्यात मूळ गावी खेप घालावी लागते. आणखी एक. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला, पण बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. राज्याचा आणि केंद्राचा दाखल्याचा नमुना वेगवेगळा असतो. कुठे कोणता लागतो ते आधी विचारून घ्यावे. मूल अकरावीत गेले की मे महिन्याच्या सुट्टीत ही सगळी कामे उरकावीत. कारण अशा विद्यापीठांचे अर्ज बारावीच्या निकालाची वाट पाहत थांबत नाहीत. ते आधीच भरावे लागतात.

तिसरी अडचण मात्र कोणत्याही कचेरीत सुटत नाही. ती आम्हाला यंदा कळली.

आमच्या शेजारच्या चाळीतल्या एका मुलीने हाच अर्ज भरायचे ठरवले. वडील सोसायटीत वॉचमन, आई अंधेरीला घरकाम करते. वडील म्हणाले, "भाऊ, पोरीला इतक्या लांब कशी धाडू?" आम्ही काही बोलण्याआधी तिची आईच म्हणाली, "मी रोज पहाटेच्या लोकलने एकटी जाते, तेव्हा भीती नाही वाटली? पोरगी तर शिकायला चालली आहे." वडील गप्प झाले. दुसऱ्या दिवशी तेच उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत उभे होते.

मग रविवारी विहारात आम्ही तिची मुलाखतीची तयारी घेऊ लागलो. विचारले, "तुझ्याविषयी काही सांग." ती म्हणाली, "आम्ही गरीब आहोत. वडील वॉचमन आहेत." आणि मान खाली घालून थांबली. दोनदा विचारले, दोनदा तेच.

शेवटी आम्ही विचारले, "घरी शाळेतून आल्यावर काय करतेस?" ती म्हणाली, "टँकरचा हिशेब ठेवते." आणि मग मुलगी बोलू लागली. चाळीत बावीस खोल्या. नळाला पाणी आले नाही की वर्गणी काढून टँकर मागवतात. कुणी किती हंडे भरले, कुणाचे पैसे बाकी, याची वही तिच्याकडे. सगळ्यांना सारखी वर्गणी ठेवली तर दोन माणसांच्या खोलीवर अन्याय होतो, माणशी ठेवली तर लेकुरवाळ्या बाईला परवडत नाही. म्हणून तिने निम्मी वर्गणी खोलीवर आणि निम्मी माणसांवर लावली. तेव्हापासून भांडणे कमी झाली. आम्ही बी.कॉम. झालेलो, पण हे आम्हाला सुचले नव्हते!

आम्ही विचारले, "हे आधी का नाही सांगितलेस?" ती म्हणाली, "काका, हे काय सांगण्यासारखे आहे?"

बंधू-भगिनींनो, आपली खरी अडचण ही आहे. आपल्या मुलांना वाटते की शिक्षण म्हणजे दुसऱ्यांच्या घरचे ज्ञान. आपल्या घरात फक्त गरिबी. त्या मुलीच्या वहीत अर्थशास्त्र होते, न्याय होता. पण ते ज्ञान आहे, असे तिला आजवर कुणी सांगितलेच नव्हते. आम्हीही नाही.

डॉ. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांत. १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते आपल्या मुलांना हे दार जवळ मिळावे म्हणून. आता जवळचे दार आहे; लांबच्या दारापर्यंत जाण्याची जबाबदारी आपली.

तेव्हा एवढे करावे. घरात रोज इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी मुलाने वाचावी आणि आपल्या मराठीत आईला सांगावी. इंग्रजीची धास्ती अशीच मोडते, कारण तिथले शिकवणे इंग्रजीतून आहे. विहारात रविवारी तासभर मुलांना बोलते करावे. दाखले वेळेत काढावेत. आणि एकाच अर्जावर भिस्त न ठेवता जवळच्या महाविद्यालयाचाही अर्ज भरून ठेवावा.

त्या मुलीची मुलाखत झाली आहे. निकाल लागायचा आहे. दरम्यान ती विहारात नववीच्या मुलांना गणित शिकवते. बिले फाडणारा तो मुलगाही परवा आमच्याकडे आला होता. मुक्त विद्यापीठातून इतिहास घेऊन पुन्हा शिकावे म्हणतो. या वेळी आम्ही त्याला घरी पाठवले नाही. चष्मा लावला आणि त्याच्याबरोबर अर्ज भरायला बसलो.