केवढी गर्दी! : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चैत्र पौर्णिमेला जोतिबाचा डोंगर गुलालानं माखतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या तोंडून ‘केवढी गर्दी!’ असा उद्गार आपसूक निघतो. विपुलतेचं नवल सांगणाऱ्या अशा उद्गारांविषयी काही चुकीच्या समजुती आहेत.

गैरसमज : ‘किती’ हा फक्त प्रश्नाचा शब्द.
वस्तुस्थिती : पावसाळ्यात कोल्हापुरात ‘पाणी किती?’ असं विचारलं, की राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगा नदीची पातळी सांगतात. तिथं 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, तेव्हा ‘किती हे पाणी!’ म्हणणाऱ्याला आकडा नको होता. शब्द तोच, सूर आणि क्रम वेगळा. स्पॅनिशमध्येही ‘क्वान्तो’ हा एकच शब्द प्रश्नात आणि उद्गारातही येतो.

गैरसमज : ‘किती’ आणि ‘केवढा’ यांचा अर्थ एकच.
वस्तुस्थिती : ‘किती’ संख्या व प्रमाण सांगतो, ‘केवढा’ मुख्यतः आकार. गर्दीला एकसंध आकार असतो, म्हणून ‘केवढी गर्दी!’ शोभतं. ‘केवढी माणसं!’ म्हटलं, तर तालमीतले धिप्पाड पैलवान डोळ्यांपुढे येतात. संख्येसाठी ‘किती माणसं!’ हवं. ‘केवढा’ लिंग-वचनानुसार बदलतो, ‘किती’ बदलत नाही. स्पॅनिश ‘क्वान्तो’ मात्र बदलतो : गर्दी पाहून तिकडे ‘क्वान्ता खेन्ते!’ म्हणतात.

गैरसमज : ‘खंडीभर’ ही हवेतली अतिशयोक्ती.
वस्तुस्थिती : खंडी हे खरं माप होतं : 20 मणांची एक खंडी. मेंढरं मोजतानाही 20 नगांची खंडी धरत. 1958 पासून मेट्रिक वजनं लागू होत गेली. खंडी बाजारातून गेली, बोलण्यात राहिली.

गैरसमज : ‘लई’, ‘रग्गड’, ‘बक्कळ’ हे अशुद्ध, बेशिस्त शब्द.
वस्तुस्थिती : त्यांनाही नियम आहेत. ‘लई माणसं’ आणि ‘लई मोठा’ दोन्ही चालतं. ‘रग्गड पैसा’ चालतो, पण ‘रग्गड मोठा’ कुणी म्हणत नाही. हा फरक न शिकवता प्रत्येकाला कळतो, म्हणजेच बोलीला व्याकरण आहे. कोल्हापूरच्या मातीतली बोली कागलच्या आनंद यादवांनी साहित्यात आणली आणि त्यांच्या ‘झोंबी’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीला 1990 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

शाळेत प्रमाण मराठी जरूर शिकवावी. पण पोरगं ‘लई पाणी आलंय!’ म्हणालं, तर त्याला चूक ठरवू नये. त्यानं नवल अचूक शब्दात सांगितलेलं असतं.