थोरल्यांच्या हाती धाकट्यांचा हात
बालसंघासाठी किशोरवयीन साहाय्यकांची तयारी

दृढीकरण संस्कार झाला की मुलांचे चर्चमध्ये येणे कमी होते, ही तक्रार बहुतेक धर्मग्रामांत ऐकू येते. धर्मशिक्षणाचे वर्ग संपलेले असतात, दहावीची शिकवणी सुरू झालेली असते आणि युवक संघटनेत जाण्याचे वय अजून आलेले नसते. तेरा ते सतरा वर्षांच्या या मुलामुलींसाठी ख्रिस्तसभेत नेमके कोणते काम आहे, हे आपण त्यांना सांगितलेले नसते. ज्या घरात आपल्याला काही काम नाही, त्या घरात पाहुण्यासारखे वाटू लागते आणि पाहुणा फार काळ राहत नाही.

आपल्या पुणे धर्मप्रांताच्या उत्तर भागात हा प्रश्न अधिकच जाणवतो. नारायणगाव, जुन्नर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात कॅथलिक कुटुंबे थोडी आणि एकमेकांपासून दूर आहेत. शहरातील मोठ्या धर्मग्रामात इयत्तेप्रमाणे वर्ग भरविता येतात. जेथे सारी मिळून पंधरा-वीसच मुले जमतात, तेथे पाच वर्षांचे बालक आणि बारा वर्षांची मुलगी एकाच सतरंजीवर बसवावी लागते. एका धर्मशिक्षकाने किंवा सिस्टरने गोष्ट धाकट्यांना कळेल अशी सांगितली तर थोरली कंटाळतात, थोरल्यांसाठी सांगितली तर धाकटी उठून पळतात. अशा वेळी थोरल्यांनाच धाकट्यांचे साहाय्यक म्हणून तयार करणे, हा मार्ग दोघांच्याही हिताचा आहे. मात्र ती तयारी कशी करावी आणि तिची मर्यादा कोणती, याचा विचार आधी व्हावयास हवा.

ख्रिस्तसभेत ही कल्पना नवीन नाही. १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरलेले संत फ्रान्सिस झेवियर रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांना धर्मशिक्षणासाठी बोलावीत. त्याच वर्षी ते तामिळनाडूच्या मच्छीमार किनाऱ्यावर गेले. तेथे आजाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची बोलावणी इतकी येऊ लागली की एकट्याने पुरे पडणे अशक्य झाले. तेव्हा ज्या मुलांना प्रार्थना पाठ झाल्या होत्या, त्यांना ते घरोघर पाठवू लागले. मुले आजाऱ्याभोवती घरच्यांना व शेजाऱ्यांना जमवीत आणि त्यांच्यासह विश्वासांगीकार म्हणत. संतांनी मुलांना आधी शिकविले, मग त्यांना पेलेल असे एकच काम दिले, हा क्रम आपण लक्षात घेतला पाहिजे.

इटलीतील तुरीन शहरात संत जॉन बॉस्को यांच्या वसतिगृहात दोमिनिक सावियो या मुलाने १८५६ साली सोबत्यांचा एक संघ उभा केला. नव्याने आलेल्या, एकट्या पडलेल्या वा खोडकर मुलांना सोबत करणे, हे त्या संघाचे एक काम होते. पुढच्याच वर्षी, वयाच्या चौदाव्या वर्षी, दोमिनिक वारला. १९५४ साली त्याला संतपद मिळाले. फिलिपाईन्सचा पेद्रो कालुंग्सोद हा किशोर जेझुइट धर्मगुरूंबरोबर मारियाना बेटांवर धर्मशिक्षक म्हणून गेला आणि १६७२ साली ग्वाम येथे हुतात्मा झाला. त्याला २०१२ साली संत घोषित करण्यात आले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली तरुणांना उद्देशून लिहिलेल्या ‘क्रिस्तुस विवित’ या पत्रात हेच सांगितले आहे की, तरुणांमधील सेवाकार्य तरुणांनीच पुढे न्यावे, परंतु त्यांच्या सोबतीला जाणती माणसे असावीत.

ही तयारी टप्प्याटप्प्याने व्हावी, असे आम्हांस वाटते. जूनमध्ये वर्ग सुरू होताच साहाय्यकाच्या हाती मुले सोपवू नयेत. पहिला महिना त्याने धर्मशिक्षकाशेजारी बसून केवळ पाहावे : कोणते मूल बोलत नाही, कोणते सारखे भांडते, गोष्ट ऐकताना मुले कोठे चुळबुळ करतात. दुसऱ्या महिन्यात एकच काम द्यावे. हजेरी घेणे, रंगकामाचे साहित्य वाटणे किंवा एक खेळ घेणे. खेळाचे नियम तीन वाक्यांत सांगता आले पाहिजेत. सर्वांत लहान मूल पहिल्याच फेरीत बाद होईल असा खेळ निवडू नये आणि मुले दमण्याआधी खेळ थांबवावा.

गोष्ट सांगण्याची पाळी त्यानंतर. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगावयाची असेल, तर संत लूककृत शुभवर्तमानातील पंधरावा अध्याय साहाय्यकाने घरी तीन वेळा वाचावा, आईला किंवा भावाला एकदा सांगून पाहावी आणि मग पुस्तक न उघडता पाच मिनिटांत मुलांना सांगावी. शेवटी एकच प्रश्न विचारावा. प्रवचन करू नये. लहान मुलांना दादाचे किंवा ताईचे प्रवचन आवडत नाही. एखाद्या मुलाने अवघड प्रश्न विचारला, तर काहीतरी उत्तर ठोकून देण्यापेक्षा ‘मी फादरांना विचारून सांगतो’ असे म्हणावे आणि पुढच्या रविवारी खरोखरच सांगावे. त्यामुळे मुलांचा विश्वास वाढतो आणि साहाय्यकाचाही अभ्यास होतो.

प्रत्येक वर्गानंतर पंधरा मिनिटे साहाय्यकांसाठी राखून ठेवावीत. बेल्जियमचे धर्मगुरू, पुढे कार्डिनल झालेले, जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांना शिकविलेली ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही पद्धत येथे उपयोगी पडते. आज काय घडले? प्रभू येशू तेथे असता तर काय केले असते? पुढच्या वेळी आपण काय करू? खरे शिक्षण या पंधरा मिनिटांत होते. ती टाळली, तर साहाय्यक हा फुकटचा मदतनीस ठरतो.

नारायणगावच्या द्राक्षबागायतदाराला ही गोष्ट वेगळी सांगावयास नको. नव्या वेलीला बांबूचा आधार देतात, सुतळीने बांधतात, मांडवापर्यंत चढवितात, मग ओलांडे तयार करतात. तोवर तिच्याकडे घड मागत नाहीत. किशोरांच्या बाबतीतही घाई केली तर पुढची वर्षे वाया जातात. दहावी-बारावीच्या साहाय्यकांना जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत मोकळे करावे. त्यांच्या अभ्यासाचा बळी देऊन चालविलेला बालसंघ पालकांना मान्य होणार नाही, आणि होऊही नये.

आता मर्यादेविषयी. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. म्हणजे सोळा वर्षांची ताई आणि सहा वर्षांची मुलगी, दोघीही कायद्याच्या दृष्टीने बालकेच. म्हणून वर्गाची जबाबदारी साहाय्यकावर कधीही टाकता येणार नाही. दोन प्रौढ व्यक्ती सतत हजर असाव्यात, दार उघडे असावे, कोणीही एका मुलाबरोबर एकटे राहू नये. साहाय्यकाने कोणाला मारू नये, टोपणनावाने हिणवू नये, मुलांची छायाचित्रे मोबाईलवरून पाठवू नयेत. एखाद्या मुलाने आपल्यावरील अत्याचाराविषयी काही सांगितले, तर ते गुपित म्हणून न ठेवता विश्वासातल्या मोठ्या माणसाला तत्काळ सांगावे, हे साहाय्यकांना पहिल्याच दिवशी शिकवावे. अशी माहिती पोलिसांना कळविणे प्रौढांवर कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर ठळक लिहावा.

जुन्नर-आंबेगावात आणखी एक खबरदारी हवी. उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर असतो, हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. वर्ग दिवसाउजेडी सुटावा, अंधार पडण्यापूर्वी मुले घरी पोहोचावीत आणि त्यांना पोहोचविण्याचे काम थोरल्या मुलांवर न टाकता पालकांनी आळीपाळीने करावे.

पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे की, आपल्या मुलामुलीला हे काम करू द्यावे आणि घरी आल्यावर आज काय झाले ते विचारावे. धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना विनंती आहे की, साहाय्यक निवडताना केवळ धीट व बोलक्या मुलांकडे पाहू नये. मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा कदाचित गप्प बसणाऱ्या बालकाला अधिक चांगला ओळखेल. प्रभू येशूने बालकांना आपल्याकडे येऊ देण्यास सांगितले, तेव्हा त्यांना अडविणारी माणसे मोठीच होती. आपल्या धर्मग्रामातील थोरली मुले धाकट्यांचा हात धरून त्याच्याकडे येत असतील, तर त्यांच्या वाटेत आपण उभे राहू नये आणि त्यांना त्या वाटेवर एकटेही सोडू नये.