ब्रेकचे पॅड कसे बदलावेत?

गाडी पळवणे सोपे असते. ती वेळेवर थांबणे महत्त्वाचे. आता खेड्यातही पुष्कळ घरांपुढे मोटारगाडी दिसते. कोणी तिच्यातून भाजी नेतो, कोणी आजारी माणसाला तालुक्याला नेतो. तेव्हा तिच्या ब्रेकची माहिती आपल्याला हवी.

सायकलचा ब्रेक तुम्ही पाहिलाच आहे. तो दाबला की दोन रबरे चाकाच्या कडेला घासतात आणि चाक थांबते. मोटारीच्या पुढच्या चाकांत बहुधा असेच असते. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो. या पॅडांना धरणारा जो मोठा चिमटा, तो कॅलिपर. आपण पायाने ब्रेक दाबतो. नळीतले ब्रेक ऑईल कॅलिपरमधल्या पिस्टनला पुढे ढकलते. मग दोन्ही पॅड डिस्कला आवळतात.

हात हातावर चोळा. ऊब लागते ना? गाडीचा वेगही असाच घासून उष्णतेत जातो. वेग दुप्पट झाला तर ब्रेकचे काम चौपट होते. ताशी ३० किलोमीटरला जेवढे काम, त्याच्या चौपट ६० ला. म्हणून पॅड झिजतात.

नव्या पॅडचा घासणारा थर सुमारे १० मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटर उरला की पॅड बदलावा. पुष्कळ पॅडांना एक लहान पत्री असते. थर संपत आला की ती डिस्कला लागून किंचाळते. ती हाक ऐकावी. गाणी लावून ती दाबून टाकू नये.

आता कामाला लागू. गाडी सपाट आणि कठीण जमिनीवर लावा. हँडब्रेक ओढा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढच्या चाकाचे नट थोडे सैल करा, मग जॅक लावा. नुसत्या जॅकवर भरवसा नको. गाडीखाली मजबूत लोखंडी स्टँड ठेवा. विटा ठेवू नका, त्या फुटतात. गाडी अंगावर आली तर सावरायला वेळ मिळत नाही.

एका वेळी एकच बाजू उघडा. काही विसरले तर दुसरी बाजू पाहता येते. पण पॅड मात्र दोन्ही चाकांचे बदला. नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. कॅलिपर सोडवला की तो तारेने वर बांधा. रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. तो सुटलेला असताना ब्रेक दाबू नका. पिस्टन बाहेर यायचा!

काळी भुकटी फुंकू नका. ती छातीला वाईट. ओल्या फडक्याने पुसा. गंज तारेच्या ब्रशने काढा. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या काढून पुसा. त्या सुकल्या की कॅलिपर अडकतो आणि एकच पॅड भराभर झिजतो. पिनांना ब्रेकसाठी मिळणारेच ग्रीस लावा. साध्या ग्रीसने, पेट्रोलने आणि डिझेलने रबर खराब होते. पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला ग्रीसचे बोटही लागता कामा नये.

नवे पॅड जाड असतात. म्हणून पिस्टन क्लॅम्पने हळूहळू मागे दाबावा लागतो. तेव्हा डब्यातले ब्रेक ऑईल वर येते. ते सांडू देऊ नका, त्याने गाडीचा रंग जातो. पिस्टन हलत नसेल, रबर फाटले असेल किंवा तेल गळत असेल, तर तिथेच थांबा आणि जाणत्या मिस्त्रीला बोलवा. यात कमीपणा नाही.

पॅड बसवा, बोल्ट घट्ट करा, चाक लावा. गाडी खाली आली की चाकाचे नट समोरासमोरचे आवळत जा.

झाले का काम? नाही. आम्ही शाळेत मुलांना सांगत असू, गणित सोडवले की ताळा करून पाहा. ब्रेकचाही ताळा आहे. पिस्टन मागे गेलेला असतो, म्हणून पहिल्यांदा ब्रेक दाबला तर पाय थेट खाली जातो. गाडी अशीच रस्त्यावर काढली तर घात ठरलेला. इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक पुन्हा पुन्हा दाबा. तो पायाला टणक लागला पाहिजे. मग डब्यातले तेल खुणेपर्यंत आहे ना, ते पाहा. रिकाम्या जागी गाडी अगदी हळू चालवा आणि थांबवून बघा. दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, म्हणजे पॅड नीट बसतात.

घरी काम केले की मजुरी वाचते. ती जरूर वाचवा. पण ताळा केल्यावाचून गाडीत कोणाला बसवू नका.