तहानेचे स्थानक

मुंबई-पुणे मार्गावरील नेरळ येथे मोठी आगगाडी सोडून प्रवासी माथेरानच्या चिमुकल्या गाडीत बसतो. जुम्मापट्टी मागे पडते, एक छोटासा बोगदा येऊन जातो आणि पुढच्या स्थानकाची पाटी वाचून त्यास हसू येते. पाटीवर नाव असते ‘वॉटर पाईप’. गावाचे नाही, देवाचे नाही, एखाद्या साहेबाचेही नाही. चक्क नळाचे नाव!

परंतु या नावातच स्थानकाचा जन्म दडलेला आहे. सर आदमजी पीरभॉय यांनी सोळा लाख रुपये घातले, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतले आणि १९०७ साली दोन फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी माथेरानला पोहोचली. नेरळची उंची सुमारे ४० मीटर, माथेरानची सुमारे ८००. आणि अंतर अवघे वीस-एकवीस किलोमीटर. काही ठिकाणी तर वीस फुटांमागे एक फूट असा चढ! त्या वाफेच्या इंजिनांना कोळसा-पाण्याचा वेगळा डबा नसे. पाणी इंजिनाच्याच अंगावरील टाक्यांत मावेल तेवढे. घाट चढता चढता ते आटत जाई. म्हणून वाटेत एका जागी पाण्याची सोय झाली, गाडी थांबू लागली, आणि त्या थांब्याचे स्थानक झाले.

१९८२ साली वाफेच्या इंजिनांची नित्याची सेवा संपली. त्यांपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. त्यांच्या जागी आलेल्या डिझेल इंजिनांना वाटेत असे थांबून पाणी भरावे लागत नाही. निव्वळ उपयोग पाहणारा हिशेबनीस हे स्थानक केव्हाच पुसून टाकील. आमच्या मते मात्र या मार्गाचे कष्ट सांगणारी याहून बोलकी पाटी दुसरी नाही.

गंमत अशी की, ज्या पाण्यासाठी हे स्थानक झाले, तेच पाणी या मार्गाचे वैरी ठरले. जुलै २००५ च्या महापुराने रूळ वाहून नेले; गाडी पुन्हा सुरू व्हायला शताब्दीचे २००७ साल उजाडले. २०१९ च्या पावसाने पुन्हा तोच घाला घातला आणि नेरळहून गाडी सुटली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. एरवीही दर पावसाळ्यात खालचा मार्ग बंद ठेवतात. अमन लॉज ते माथेरान एवढी वरची फेरी तेवढी चालू राहते. वॉटर पाईप त्या फेरीच्या खाली राहते. तेव्हा येथे पाणी उदंड असते, गाडी मात्र येत नाही.