मोजून देणारी भाषा

तीन अक्षरी शब्द पाठवून कोणी ‘माझी ६४ हजार अक्षरे परत द्या’ म्हटले, तर आपण हसू. पण २०१४ साली उघडकीस आलेल्या ‘हार्टब्लीड’ दोषात संगणक नेमके हेच ऐकत होते! सी भाषेतील ओपनएसएसएल ही आज्ञावली शब्दाची खरी लांबी तपासत नव्हती. त्यामुळे शेजारच्या मेमरीतला मजकूर, प्रसंगी पासवर्डही, बाहेर जाई.

२०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेत प्रत्येक यादीबरोबर तिची लांबीही जपलेली असते. हद्दीबाहेरचे अक्षर मागितले, की आज्ञावली तिथेच थांबते. काम अडते, पण गुपित फुटत नाही. ही तपासणी टाळायचीच असेल, तर आपल्याला ‘अनसेफ’ असे उघडपणे लिहावे लागते. म्हणजे धोका कुठे शोधायचा, तेही कळते.